लॉफ्ट पिळतोय, अडतोय, भलतीकडे जातोय? आधी स्केच कुठे बसलंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खाली ८० × ८० मिमीचा चौकोन, वर ५० मिमी व्यासाचं वर्तुळ, दोघांमध्ये ६० मिमी उंची आणि २ मिमी जाडीची भिंत, असा चौकोनी तोंडाला गोल तोंड जोडणारा अ‍ॅडाप्टर फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा आहे. दोन स्केच काढली, पण दुसरं वर जाईना. कसंबसं वर नेलं तर लॉफ्टने, म्हणजे दोन स्केचमधली जागा भरून ठोस आकार (सॉलिड) बनवणाऱ्या साधनाने, एरर दिला. शेवटी लॉफ्ट झाला, तर तो ओला टॉवेल पिळावा तसा पिळलेला निघाला.

या तीन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. तुमच्या मनातला आकार लॉफ्टला ठाऊक नसतो. त्याला दोनच गोष्टी कळतात: प्रत्येक स्केच अवकाशात नेमकं कुठे आहे, आणि खालच्या स्केचमधला कोणता कोपरा वरच्या स्केचमधल्या कोणत्या बिंदूला जोडायचा. पहिली गोष्ट चुकली की एरर येतो किंवा आकार भलत्या दिशेला जातो. दुसरी सांगायची राहिली की सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि पीळ पडतो. म्हणून लॉफ्टच्या खिडकीतले पर्याय चाळत बसू नका. ती बंद करा आणि स्केचकडे परत या.

दुसरं स्केच वर का जात नाही

स्केच म्हणजे अवकाशात धरलेला एक कागद समजा. स्केचच्या आत दिलेलं प्रत्येक माप त्या कागदावरच चालतं. वर्तुळाचं केंद्र कितीही ओढलं तरी ते कागदावर सरकेल, कागद काही उचलला जाणार नाही. उंची मिळते ती कागद उचलून, म्हणजे स्केच ज्या प्लेनवर (सपाट पातळीवर) बसलंय ते प्लेन हलवून.

फ्रीकॅडमध्ये नवशिक्यांचं घोडं नेमकं इथे अडतं. स्केच निवडून ‘प्लेसमेंट’मध्ये झेडसमोर ६० भरायला गेलं की ती किंमत बदलत तरी नाही किंवा टिकत तरी नाही. स्केच एखाद्या प्लेनला किंवा फेसला (सॉलिडच्या एखाद्या बाजूला) अटॅच केलेलं असेल, तर प्लेसमेंट हे अटॅचमेंटवरून काढलेलं उत्तर असतं आणि उत्तर खोडून प्रश्न बदलत नाही. बदलायचं असतं ते ‘अटॅचमेंट ऑफसेट’. मॉडेल ट्रीमध्ये स्केच निवडा, खाली डेटा टॅबमध्ये अटॅचमेंटचा गट उघडा, ‘मॅप मोड’ डीअ‍ॅक्टिव्हेटेड नाही ना ते पाहा, आणि अटॅचमेंट ऑफसेटच्या पोझिशनमध्ये झेडला ६० द्या. हा झेड स्केचचा स्वतःचा आहे, म्हणजे कागदाला काटकोनात जाणारी दिशा. मॉडेलचा झेड तो नव्हे.

हा फरक एक्सवाय प्लेनवर जाणवत नाही, कारण तिथे दोन्ही झेड एकाच दिशेला असतात. वायझेड प्लेनवर स्केचचा झेड मॉडेलच्या धन एक्सकडे जातो. एक्सझेड प्लेनवर मात्र तो ऋण वायकडे जातो. स्केचचा आडवा अक्ष मॉडेलचा एक्स, उभा अक्ष मॉडेलचा झेड, आणि उजव्या हाताच्या नियमाने या दोघांना काटकोनातली दिशा ऋण वाय येते. त्यामुळे एक्सझेडवर ६० चा ऑफसेट दिला की स्केच समोर, तुमच्याकडे येतं. मागे न्यायचं असेल तर उणे ६० द्या. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, भूमिती तशीच आहे.

तुमच्या अ‍ॅडाप्टरसाठी मी ऑफसेटपेक्षा डॅटम प्लेन, म्हणजे मदतीसाठी काढलेलं वेगळं कोरं प्लेन, सुचवेन. आतली पोकळी काढायला त्याच उंचीवर आणखी एक वर्तुळ लागणार आहे. एक्सवाय प्लेनवरून ६० मिमी वर एकच डॅटम प्लेन करा आणि बाहेरचं व आतलं अशी दोन्ही वर्तुळं त्यावर बसवा. उद्या उंची ७५ झाली तर आकडा एकाच जागी बदलावा लागेल. सॉलिडवर्क्स आणि फ्यूजन ही अशीच दुसरी सॉफ्टवेअर. सॉलिडवर्क्समध्ये हेच काम रेफरन्स जॉमेट्रीतल्या ‘प्लेन’ने आणि फ्यूजनमध्ये कन्स्ट्रक्ट मेनूतल्या ‘ऑफसेट प्लेन’ने होतं.

वरचं स्केच आधीच्या एखाद्या सॉलिडच्या फेसवर चिकटवायचा मोह होतो, कारण तो फेस समोरच दिसत असतो. यात दोन धोके आहेत. मॉडेलमध्ये मागे जाऊन काही बदललं की फेसची अंतर्गत नावं बदलू शकतात आणि स्केच भलत्याच फेसवर उडी मारतं. २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅड १.० ने हा त्रास बराच कमी केला, पण पुरता संपवलेला नाही. दुसरा धोका लॉफ्टच्या दृष्टीने मोठा आहे. फेसवर बसलेल्या स्केचचा ओरिजिन (शून्यबिंदू) फेसच्या मध्यावर असेलच असं नाही आणि त्याचा आडवा अक्षही तुम्हाला हवा त्या दिशेला असेलच असं नाही. सॉलिडच्या खालच्या बाजूच्या फेसवर तर स्केच पालथं पडतं, म्हणजे त्यातला डावा-उजवा उलटा होतो. अशा दोन स्केचमधला लॉफ्ट पिळणारच. बेस प्लेन किंवा त्यांच्यावरून काढलेली डॅटम प्लेन वापरलीत तर ही काळजी उरत नाही.

आता जागा तपासा. आयसोमेट्रिक दृश्यात दोन स्केच एकाच प्लेनवर आहेत की वेगवेगळ्या, हे डोळ्यांना खात्रीने कळत नाही. फ्रीकॅडमध्ये १ दाबून समोरचं दृश्य घ्या: दोन आडव्या रेषा, एक तळाशी, एक ६० मिमी वर, अशा दिसल्या पाहिजेत. मग २ दाबून वरून बघा: वर्तुळ चौकोनाच्या बरोबर मध्ये हवं. ० दाबलं की पुन्हा आयसोमेट्रिक. समोरून एकच रेषा दिसली तर दोन्ही स्केच एकाच प्लेनवर आहेत. मधल्या आकाराला घनफळच नाही, मग लॉफ्ट सॉलिड आणणार कुठून?

केंद्र जुळवायचं काम स्केचच्या आत करा. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, शेवटी ओरिजिन निवडा आणि सिमेट्रिक कन्स्ट्रेंट (बंधन) लावा. मग ८० आणि ८० ही मापं द्या. वर्तुळाचं केंद्र ओरिजिनवर कोइन्सिडंट करा, म्हणजे नेमकं त्यावर बसवा. वरचं तोंड मुद्दाम १० मिमी बाजूला हवं असेल तर तेही स्केचमधल्या मापानेच द्या. जागेचे आकडे थोडे अटॅचमेंटमध्ये आणि थोडे स्केचमध्ये विखुरले की महिन्याभराने तुमचे तुम्हालाच ते सापडत नाहीत. प्लेनकडून फक्त उंची घ्यावी, बाकी सगळं स्केचकडून.

एरर येतो तेव्हा

फ्रीकॅडचा ‘बीरेप एपीआय: कमांड नॉट डन’ हा संदेश फारसं काही सांगत नाही. आकार बांधायचा प्रयत्न फसला, एवढाच त्याचा अर्थ. कारण तुम्हालाच शोधायचं असतं आणि ते बहुतेक वेळा या चार-पाच जागांमध्येच सापडतं.

सर्वात जास्त वेळा प्रोफाइल (स्केचमधली बाह्यरेषा) बंद नसतं. दोन रेषांची टोकं एकमेकांवर दिसतात, पण त्यांच्यात ०.०१ मिमीची फट असते किंवा कोइन्सिडंट लावायचा राहिलेला असतो. स्केच बंद करून स्केच मेनूतलं ‘व्हॅलिडेट स्केच’ चालवा. निसटलेले कोइन्सिडन्स ते शोधतं आणि तिथेच जोडूनही देतं. फ्यूजनमध्ये बंद प्रोफाइल आतून फिकट निळं भरलेलं दिसतं, ते तसं दिसलं नाही तर कुठेतरी फट आहे. सॉलिडवर्क्समध्ये ‘चेक स्केच फॉर फीचर’ हेच काम करतं. याच्या उलट चूकही होते: एकाच रेषेवर दुसरी रेषा पडलेली असते किंवा मदतीला काढलेली मधली रेषा ‘कन्स्ट्रक्शन’ (आकारात न धरली जाणारी) करायची राहून जाते. एका कोपऱ्यात तीन रेषा भेटल्या की बंद वाट कोणती ते लॉफ्टला कळत नाही.

दुसरं कारण, स्केच चुकीच्या घरात. फ्रीकॅडच्या ‘पार्ट डिझाइन’ या साधनसंचात लॉफ्टची सगळी स्केच एकाच बॉडीच्या, म्हणजे एका भागाच्या सगळ्या पायऱ्या ठेवणाऱ्या डब्याच्या, आत असावी लागतात. अ‍ॅक्टिव्ह बॉडीचं नाव ट्रीमध्ये ठळक दिसतं. स्केच तिच्या बाहेर पडलं असेल तर ओढून आत आणा आणि अटॅचमेंट टिकली ना ते पुन्हा तपासा.

तिसरं, निवडण्याचा क्रम. लॉफ्ट सेक्शन, म्हणजे त्याला दिलेली स्केच, निवडाल त्या क्रमाने जातो. तळ, वरचं टोक, मग मधला असा क्रम झाला तर आकार वर जाऊन परत खाली येतो, स्वतःलाच छेदतो आणि कोलमडतो. यादी रिकामी करून खालून वर ओळीने निवडा. तिरक्या प्लेनवरच्या स्केचमध्येही असंच घडतं: दोन प्रोफाइलची प्लेन जिथे एकमेकांना छेदतात ती रेषा प्रोफाइलच्या आतून जात असेल, तर पृष्ठभाग स्वतःतून आरपार जातो.

टोकदार आकारासाठी बिंदू हाही सेक्शन म्हणून चालतो, पण फक्त पहिला किंवा शेवटचा, मधला कधीच नाही. आणि अंगठीसारखा बंद लॉफ्ट करायचा असेल तर किमान तीन सेक्शन हवेत.

सेक्शन बरेच असतील आणि दोष कुठे ते कळत नसेल, तर पहिल्या दोनांचाच लॉफ्ट करा. जमला की तिसरा जोडा. ज्या सेक्शनला मोडतो तोच दोषी, किंवा त्याच्या आधीचा. ‘पार्ट’ या दुसऱ्या साधनसंचातला (वर्कबेंचमधला) लॉफ्ट ‘सॉलिड’ पर्याय बंद ठेवूनही करता येतो. तेव्हा नुसती पृष्ठभागाची साल मिळते आणि ती कुठे दुमडली ते डोळ्यांनी दिसतं. तयार झालेल्या आकारावर पार्टमधलं ‘चेक जॉमेट्री’ चालवण्याची सवय लावून घ्या. दिसायला ठीक असलेला लॉफ्टही आतून सदोष असू शकतो, आणि तो दोष चार पायऱ्या पुढे फिलेट करताना, म्हणजे कडा गोल करताना, वर येतो.

पीळ का पडतो

तुमच्या चौकोनाला चार कोपरे आहेत. पूर्ण वर्तुळाला कोपरा नाही, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबी त्याला एक शिवण असते: वर्तुळ जिथे सुरू होतं आणि जिथे संपतं तो बिंदू. तो स्केचच्या धन एक्स अक्षावर, घड्याळातल्या ३ च्या जागी असतो. चौकोनाचा कोपरा आहे ४५ अंशांवर. चाराला एक जोडायचा म्हणजे वर्तुळ कुठेतरी तोडावं लागणार, आणि ४५ अंशांवरचा कोपरा ० अंशांवरच्या शिवणीला जोडला गेला तर ४५ अंशांचा पीळ पडणारच. उपाय एकच: वर्तुळ कुठे तोडायचं ते आपण सांगायचं.

वरच्या स्केचमध्ये जा. ‘एक्स्टर्नल जॉमेट्री’ने खालच्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कडा आत घ्या, म्हणजे चारही कोपरे या कागदावर उमटतील. त्या कोपऱ्यांना जोडणारे दोन कर्ण काढा आणि ते कन्स्ट्रक्शन करा. आता वर्तुळाऐवजी चार कमानी काढा, एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या पहिल्या टोकाला जोडून. चारही सांधे कर्णांवर पॉइंट-ऑन-ऑब्जेक्टने बसवा. पहिल्या तीन कमानींची केंद्रं ओरिजिनवर कोइन्सिडंट करा. चौथीचं केंद्र ओरिजिनला जोडू नका, तिला पहिलीशी ‘इक्वल’ लावा. चारही केंद्रं ओरिजिनवर आणि चारही सांधे जुळलेले असले की शेवटच्या सांध्याने सांगण्यासारखं नवीन काही उरत नाही आणि स्केच रिडंडंट कन्स्ट्रेंटची कुरकुर करतं. शेवटी कोणत्याही एका कमानीला २५ मिमी त्रिज्या द्या. स्केच पूर्ण बांधलं गेलं की मूळ रंगसंगतीत ते हिरवं होतं. सांध्यांचे निर्देशांक धन-ऋण १७.६७८ आले पाहिजेत, कारण २५ गुणिले ४५ अंशांचा कोसाइन म्हणजे १७.६७८.

कोन हाताने न भरता कर्ण वापरण्याचा फायदा पुढे कळतो. चौकोनाचा १०० × ६० चा आयत झाला तर कर्णांबरोबर सांधेही सरकतात आणि कोपऱ्याला कोपऱ्याची जोडी तुटत नाही.

मग ‘अ‍ॅडिटिव्ह लॉफ्ट’. चौकोन आधी, चार कमानी नंतर. चाराला चार मिळाले, कोन जुळले, पीळ गेला. तरीही वळलेला दिसला तर एक स्केच घड्याळाच्या दिशेने आणि दुसरं उलट काढलंय का, किंवा एखादं पालथ्या प्लेनवर आहे का, ते बघा.

तत्त्व सगळीकडे हेच आहे: दोन्ही सेक्शनमधल्या तुकड्यांची संख्या सारखी ठेवा. त्रिकोण आणि चौकोन यांच्यात लॉफ्ट असेल तर त्रिकोणाची एक बाजू ‘स्प्लिट एज’ने तोडून चौथा बिंदू द्या. गोल कोपऱ्यांच्या चौकोनात चार रेषा आणि चार कमानी मिळून आठ तुकडे होतात, म्हणून समोरच्या वर्तुळाचेही आठ करा: सरळ बाजूंसमोर १० अंशांच्या चार लहान कमानी, कोपऱ्यांसमोर ८० अंशांच्या चार मोठ्या. वरचं तोंड काटेकोर गोल असण्याची गरज नसेल तर सोपी युक्ती आहे: ५० मिमीचा चौकोन काढून कोपऱ्यांना २४.९ मिमीची त्रिज्या द्या. सरळ बाजू ०.२ मिमीच्या उरतात, डोळ्यांना वर्तुळच दिसतं आणि तुकडे आपोआप आठ होतात.

सॉलिडवर्क्समध्ये प्रोफाइल निवडताना तुम्ही कुठे क्लिक करता त्यालाही महत्त्व आहे. जवळचा कोपरा जोडणीसाठी धरला जातो, म्हणून दोन्ही प्रोफाइलवर समोरासमोरच्या कोपऱ्यांपाशी क्लिक करा. चुकलं तर हिरवे कनेक्टर ठिपके ओढून योग्य कोपऱ्यावर नेता येतात. तिथे आणि फ्यूजनमध्ये गाइड कर्व्ह किंवा रेल (लॉफ्टची बाजू जिच्यावरून जावी ती रेषा) देण्याचीही सोय आहे, पण ती प्रत्येक प्रोफाइलला खरोखर स्पर्श करायला हवी. ०.०५ मिमीने चुकली तरी लॉफ्ट ती नाकारतो. डोळ्यांच्या अंदाजाने टेकवू नका. सॉलिडवर्क्समध्ये ‘पिअर्स’ रिलेशन लावा, फ्यूजनमध्ये प्रोफाइलचा बिंदू रेलच्या स्केचमध्ये प्रोजेक्ट करून त्यावर कोइन्सिडंट करा.

कॉलर हवी असेल तर

नळी बसवण्यासाठी दोन्ही टोकांना सरळ कॉलर हवी म्हणून बरेच जण चार सेक्शन घेतात: ० आणि २० मिमी उंचीवर तळाचं माप, ८० आणि १०० वर वरचं माप. मग तळाची भिंत बाहेर फुगते आणि वरची आत दबते. लॉफ्ट सगळ्या सेक्शनमधून एकच लवचीक वक्र नेतो, आणि लवचीक पट्टी चार खिळ्यांतून वाकवली तर खिळ्यांच्या मधे ती बाहेर येणारच. ‘रूल्ड सरफेस’ चालू केलं की सेक्शनमधला प्रत्येक टप्पा सरळ होतो. माझं मत विचाराल तर कॉलर लॉफ्टमध्ये घालूच नका. लॉफ्ट दोन सेक्शनचाच ठेवा आणि कॉलर वेगळे पॅड (स्केच सरळ उचलून दिलेली जाडी) करून जोडा.

दोन्ही तोंडं चौकोनी आणि एकाच केंद्रावर असती, ८० वरून ५० वर, तर लॉफ्टची गरजच नव्हती. १४.०४ अंशांचा टेपर (उतार) दिलेलं पॅड पुरलं असतं. दोन्ही गोल असती तर रिव्हॉल्व्ह, म्हणजे स्केच अक्षाभोवती फिरवून केलेला आकार. काटकोनात वळणारी नळी दोन सेक्शनच्या लॉफ्टने चेपते, तिथे पाइप किंवा स्वीप (स्केच एका वाटेवरून नेणारी साधनं) वापरा.

२ मिमीची भिंत

लॉफ्टच्या पृष्ठभागावर ‘थिकनेस’ (आकार पोकळ करून भिंत ठेवणारं साधन) बऱ्याचदा अडतं, विशेषतः जिथे धारदार कड वर जाता जाता वर्तुळात विरते तिथे. त्याऐवजी आतला आकार ‘सबट्रॅक्टिव्ह लॉफ्ट’ने कोरा: त्याच दोन प्लेनवर ७६ × ७६ चा चौकोन आणि ४६ मिमी व्यासाच्या चार कमानी, तशाच कर्णांवर तोडलेल्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे २ मिमी आडवे मोजलेले आहेत आणि भिंत तिरकी आहे. बाजूच्या मध्यावर ती ६० मिमी उंचीत १५ मिमी आत जाते, म्हणजे उतार १४ अंशांचा आणि खरी जाडी १.९४ मिमी. कोपऱ्याच्या रेषेत ती ५६.५७ वरून २५ वर येते, उतार सुमारे २७.७ अंशांचा, त्यामुळे वरच्या तोंडाजवळ खरी जाडी १.७७ मिमीच उरते. कुठेही २ मिमीपेक्षा कमी चालत नसेल तर वरचा आतला व्यास ४५.४ घ्या आणि खालचा आतला चौकोन ७५.८ चा करा. कोपऱ्यात वर सुमारे २.०४ मिमी आणि बाजूच्या मध्यावर २ मिमीहून किंचित जास्त जाडी मिळेल.

चार उभ्या कडा गोल करायच्या असतील तर लॉफ्टनंतर फिलेट लावायचा प्रयत्न टाळा. त्या कडा वर शून्यापर्यंत विरतात आणि फिलेटला संपायला जागाच मिळत नाही. गोलाई तळाच्या स्केचमध्येच द्या आणि वर आठ कमानींचं वर्तुळ घ्या. आतल्या चौकोनाच्या कोपऱ्याची त्रिज्या बाहेरच्यापेक्षा भिंतीच्या जाडीइतकी कमी ठेवा, बाहेर १० तर आत ८.